बांधावरची उपळसरी : प्रकल्प नोंदी, खानापूर तालुका (जि. बेळगाव)

१८ जून २०२३

मृग कोरडा गेला. धूळवाफ पेरणी करून लोक आभाळाकडे बघत बसलेत. आमच्या शाळेमागच्या माळावर मात्र खड्डेच खड्डे आहेत. वीतभर रुंद, हातभर खोल, करवंदीच्या प्रत्येक जाळीच्या बुडाशी एक.

मे महिन्यात एक गाडी गावात आली होती. "सोगदे बेरु आहे काय?" असं विचारत, म्हणजे उपळसरीच्या वेलीची औषधी मुळी मागत, वाड्यावस्त्यांवर फिरली. किलोवर रोख पैसे. सुट्टीतली पोरं कुदळी घेऊन निघाली आणि पंधरा दिवसांत माळ उकरून झाला. शाळा सुरू झाल्यावर नववीच्या वर्गात पाऊल टाकलं तेव्हा वास आला. ओल्या मातीवर कुणी चंदन उगाळावं तसा, जरा गोडसर. एका मुलीच्या दप्तरात चार मुळ्या होत्या. विकायच्या राहिल्या नव्हत्या, वास आवडला म्हणून तिनं त्या वहीत जपून ठेवल्या होत्या.

तिला रागावले नाही. आपल्या माळावर हे काय उगवतं, हे तिला शाळेनं कधी सांगितलंच नव्हतं, आणि सांगायचं काम माझं होतं.

आजपासून नववीच्या मुलांना घेऊन या नोंदी. माळावर किती वेली उरल्या ते मोजायचं. मूळ काढल्यावर वेल जगते का, आणि जगत असेल तर कशी, ते बघायचं. लावून येते का तेही बघायचं. गायरान माळावर फक्त मोजणी. खणणं आणि लावणं जे काही होईल ते आमच्या काजूच्या बागेच्या बांधावर. पश्चिमेला भीमगड अभयारण्याची हद्द लागते. तिथून एक मुळीसुद्धा आणायची नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा काय म्हणतो ते मुलांना वाचून दाखवलं.

२ जुलै २०२३

आर्द्रा लागल्यावर पाऊस आला एकदाचा. आज फक्त नावं गोळा केली.

घरात आम्ही उपळसरी म्हणतो. संस्कृतातली उत्पलसारिवा बोलण्यात झिजत झिजत उपळसरी झाली. दुकानात अनंतमूळ. वर्गातल्या कन्नड बोलणाऱ्या दोन मुलांच्या घरी सोगदे बेरु किंवा नामद बेरु; बेरु म्हणजे मूळ. नाम म्हणजे कपाळावरचा उभा टिळा. अंगणवाडीच्या आक्कांनी पान हातात घेऊन मधल्या शिरेवरचा पांढरा पट्टा दाखवला आणि म्हणाल्या, "हा बघा की नाम. म्हणून म्हणत असतील." मला पटलं. शास्त्रीय नाव हेमिडेस्मस इंडिकस. लिनियसनं १७५३ मध्ये या वेलीला पेरिप्लोका इंडिका म्हटलं होतं, पुढे रॉबर्ट ब्राऊननं तिला वेगळ्या प्रजातीत नेलं. जुन्या पुस्तकांत कूळ रुईचं लिहिलेलं सापडतं. आता रुईच कण्हेरीच्या कुळात गेली आहे, तिच्याबरोबर उपळसरीही गेली. मुलं म्हणाली, "बाई, मग परीक्षेत काय लिहायचं?" कण्हेरीचं कूळ लिहा, असं सांगितलं.

१५ जुलै २०२३

मोजणी. माळावर दहा मीटर बाय दहा मीटरचे दहा चौकोन सुतळीनं आखले. जिवंत वेली ३७. खड्डे ६१. त्या ६१ पैकी १४ खड्ड्यांत तळाला राहिलेल्या तुकड्यातून नवा कोंब फुटलेला दिसला. उरलेल्या ४७ मध्ये नुसतं पाणी.

हा चौदाचा आकडा महत्त्वाचा. म्हणजे या वेलीत परत फुटायची ताकद आहे, फक्त काहीतरी मागे राहिलं पाहिजे.

३० जुलै २०२३

आज ओळख पटवण्यात अख्खा दिवस गेला, आणि तो जायलाच हवा होता. पहिल्या मोजणीत आम्ही चार वेली चुकीच्या धरल्या होत्या (३७ हा आकडा त्या वगळून दुरुस्त केलेला आहे).

गोंधळ होतो तो पानामुळे. एकाच वेलीवर खाली बोटभर लांब, गवतासारखी अरुंद पानं आणि वर लंबगोल, रुंद पानं. उन्हातली वेल जमिनीवर पसरते, तिची पानं अरुंद, चिवट. करवंदीच्या जाळीत सावलीला चढलेली वेल सडपातळ, पानं रुंद, मऊ. दोन्ही शेजारी ठेवली तर एकाच जातीची आहेत यावर मुलं विश्वास ठेवत नाहीत. पानं समोरासमोर येतात. वरून गर्द हिरवी, मधल्या शिरेच्या कडेनं पांढरट छटा. देठ मोडला की दूध.

पण दुधावर भरवसा ठेवायचा नाही. आमच्याच माळावर आणखी दोन दुधाळ वेली आहेत. एक श्यामलता, तिच्या कोवळ्या कोंबांवर तांबूस लव असते. दुसरी क्रिप्टोलेपिस, तिची पानं रुंद, चकचकीत, खालून पांढुरकी, आणि आडव्या शिरा कंगव्याच्या दातांसारख्या ओळीनं. या दोन्ही वेली कृष्णसारिवा म्हणून विकल्या जातात. उपळसरीचं मूळ मात्र नाकानं सांगता येतं. बोटाएवढं किंवा त्याहून बारीक, नागमोडी, बाहेरून तपकिरी. साल आडवी तडकलेली असते आणि आतल्या पिवळसर काष्ठापासून सहज सुटते. सालीवर नख ओढलं की वास. त्या दोघींच्या मुळाला हा वास नाही.

मुलांना नियम घालून दिला : ओळखण्यासाठी वेल उपटायची नाही. बुडाशी दोन बोटं माती बाजूला करायची, नखानं सालीला एक ओरखडा, वास घ्यायचा, माती परत दाबायची.

१३ ऑगस्ट २०२३

धनगरवाड्यावर गेलो. चिखलातून दीड तास. आज्जी नव्वदीच्या घरात असाव्यात, नजर अजून साफ आहे. पडवीत म्हशीच्या शेणाचा आणि धुराचा वास, आणि आढ्याला टांगलेल्या फडक्यात मुळ्या.

मुलांनी वह्या काढल्या तशा आज्जी हसल्या. "काय लिवूलासा रे? तुमच्या घरात काय म्हातारं माणूस न्हाई?"

मग सांगायला लागल्या. लघवीला आग होते, उन्हाळी लागते, तेव्हा मूळ ठेचून रात्री पाण्यात घालायचं, सकाळी ते पाणी गाळून प्यायचं. उकळायचं नाही. अंगावर घामोळ्या, पुटकुळ्या, खाज उठते तेव्हा तेच पाणी आठवडाभर, आणि मूळ उगाळून वरून लेप. बाळंतिणीचं दूध बाळाला बाधायला लागलं की दुधात शिजवलेली मुळी आईला. बाळाच्या घुटीत सहाणेवर एक वळसा, "दोन न्हाई, एकच." तोंड आलं की कोवळी मुळी चघळायची.

मी विचारलं, मूळ कुठून आणता आणि कसं काढता. या प्रश्नासाठीच मी गेले होते. आज्जींनी हातानं हवेत वेल काढून दाखवली.

"पाऊस गेल्यावर, माती ओली असताना. बुडाला हात लावूचा न्हाई. एका अंगाचं मूळ काढूचं, दुसऱ्या अंगाचं ठेवूचं. काढलेल्या अंगाला दगड ठेवूचा. मग दोन पावसाळं त्या वेलीकडं फिरकूचं न्हाई. दगड बघितला की दुसऱ्या माणसाला पण कळतंय, हितं कोणतरी येऊन गेलंय."

हे कुणी शिकवलं, तर सासूनं. सासूला कुणी, ते त्यांना ठाऊक नाही.

परत येताना मुलं गप्प होती. मेमध्ये त्यांनी खणलेले खड्डे त्याच वाटेवर आहेत. एक मुलगा थांबून म्हणाला, "बाई, आम्हाला कुणी दगडाचं सांगितलंच नाही."

एक गोष्ट इथे स्पष्ट लिहून ठेवते. वाड्यावर एकानं सांगितलं की साप चावला तरी ही मुळी देतात. विषावर हिच्या अर्काचे प्रयोगशाळेत प्रयोग झालेत, पण साप चावलेल्या माणसाला मुळी उगाळून पाजत बसायचं नाही. तडक दवाखाना. आमच्या भागात मण्यार आणि घोणस दोन्ही आहेत आणि वेळ गेल्यामुळे माणसं गेलेली मी पाहिली आहेत. हे वाक्य मुलांकडून वहीत लाल शाईनं लिहून घेतलं.

१० सप्टेंबर २०२३

बेळगावच्या एका वैद्यांकडे आज्जींची यादी घेऊन गेले. त्यांनी ती वाचली आणि कपाटातून चरकसंहिता काढली. सारिवा ज्वरहर गणात आहे, दाह शमवणाऱ्या द्रव्यांत आहे, आणि स्तन्यशोधन म्हणजे आईचं दूध शुद्ध करणाऱ्या दहा द्रव्यांतही आहे. सुश्रुतात तर हिच्याच नावाचा गण आहे, सारिवादि. त्यात ज्येष्ठमध, चंदन, वाळा अशी थंडाव्याची सोबत. धनगरवाड्यावरच्या पडवीत जे ऐकलं तेच श्लोकात निघालं तेव्हा अंगावर काटा आला. आज्जींना अक्षरओळख नाही.

रात्रभर पाण्यात भिजवून घेण्याच्या रीतीला हिम म्हणतात. न उकळण्याचं कारणही त्यांनी सांगितलं : गंध उडून जाणारा आहे, फार उकळलं की पाण्यात रंग राहतो आणि गंध वाफेबरोबर जातो. हा गंध २-हायड्रॉक्सी-४-मिथॉक्सिबेन्झाल्डिहाइड या द्रव्याचा. व्हॅनिलाला वास देणाऱ्या व्हॅनिलिनमध्ये जे अणू जितके आहेत, तितकेच यात आहेत, फक्त मांडणी निराळी. नववीला एवढं रसायनशास्त्र नसतं, तरी फळ्यावर दोन्ही आकृत्या काढल्या. दप्तरात मुळ्या ठेवणाऱ्या मुलीनं त्या सर्वात आधी उतरवून घेतल्या.

वैद्यांनी बजावलं ते असं : गरोदर बाईनं, मधुमेहाची किंवा रक्ताची औषधं चालू असणाऱ्यानं, आणि मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यानं स्वतःच्या मनानं काही घेऊ नये. घुटीचंही तसंच, बाळाच्या डॉक्टरांना विचारून.

बेळगावातच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्था आहे, हे वर्गात एकालाही माहीत नव्हतं.

१५ ऑक्टोबर २०२३

फुलं! इतकी लहान की मुलं तीन आठवडे त्यांच्यावरून चालत होती. पानाच्या बगलेत झुबका, फूल भाताच्या दाण्याएवढं, बाहेरून हिरवट, आत गडद जांभळं. भिंगातून पाच जाड पाकळ्या दिसतात.

एका वेलीची पानं निम्मी खाल्लेली. मुलं अळी मारायला निघाली होती, थांबवलं. पाठीवर काळ्या लांब शेपट्यांच्या चार जोड्या : हबशी फुलपाखराची अळी. दुधाळ वेली खाऊन तिच्या अंगात कडवटपणा येतो, म्हणून पक्षी तिला आणि पुढे फुलपाखरालाही सोडून देतात. वर्गात आणून ठेवलेल्या एका अळीचा कोष आठवडाभरात झाला. चांदीचा मुलामा दिल्यासारखा. सगळी शाळा बघायला आली, स्वयंपाकाच्या मावशीसुद्धा.

१९ नोव्हेंबर २०२३

आज्जींचा नियम आजपासून तपासायला घेतला. आमच्या बांधावर बारा जुन्या वेली निवडल्या. सहा वेलींची एका अंगाची मुळं काढली, बूड न हलवता, माती परत भरून. सहा तशाच ठेवल्या. काढलेल्या प्रत्येक अंगाला एक चिऱ्याचा तुकडा ठेवला आणि त्यावर रंगानं तारीख घातली.

अनंतमूळ नाव का पडलं ते आज हाताला कळलं. एक मूळ धरून खुरप्यानं माती सरकवत गेलो, ते बांधाच्या आडव्या अंगानं चार फूट गेलं, मग काजूच्या मुळांखाली शिरलं. तिथेच सोडून दिलं. जांभ्याच्या दोन दगडांमधल्या फटीतून सुद्धा ते वाट काढतं, तिथं जाडीला सुतळीएवढं होतं आणि पलीकडे परत फुगतं.

सहा वेलींची मिळून ओली मुळी २१० ग्रॅम. पडवीत सावलीला पसरली.

१० डिसेंबर २०२३

वाळलेली मुळी ९४ ग्रॅम. म्हणजे एक किलो सुकी मुळी व्हायची तर आज्जींच्या रीतीनं साठ-पासष्ट वेली लागतील. गाडीवाल्यानं मेमध्ये पोतीच्या पोती नेली. किती वेली गेल्या असतील त्याचा हिशेब मुलांनी मांडला आणि नंतर कुणी फारसं बोललं नाही.

२५ फेब्रुवारी २०२४

शेंगा. जोडीनं येतात, एका देठाला दोन, बारीक, टोकाकडे निमुळत्या, एकमेकींपासून लांब फाकलेल्या. बारा वेलींवर मिळून फक्त पाच जोड्या. फुलं शेकड्यानं होती. या गटातल्या फुलांत पराग सुटे उडत नाहीत, कीटकाच्या अंगाला चिकटवून पाठवायची सोय असते. योग्य कीटक योग्य फुलावर गेला तरच शेंग. शेंगा तडकायच्या आत त्यांना फडक्याच्या पुरचुंड्या बांधल्या.

१७ मार्च २०२४

शेंगा तडकल्या. चपटं काळसर बी, टोकाला पांढऱ्या रेशमाचा झुपका. एक पुरचुंडी सैल राहिली होती, तिच्यातलं बी वर्गात पंख्याबरोबर उडालं आणि अर्धा तास शिकवणं बंद पडलं. उरलेलं बी कागदी पुडीत.

२१ एप्रिल २०२४

माळ पेटला होता. कुणी पेटवला माहीत नाही, दरवर्षी पेटतो. करवंदी वरवर होरपळल्या. उपळसरीची जमिनीवरची वेल राखेत गेली.

२३ जून २०२४

जळलेल्या माळावर, राखेतून, जांभळट कोवळे कोंब! आग लागून गेलेल्या चौकोनांत ३१ वेली परत फुटल्या. मूळ शाबूत असलं की या वेलीला आग संपवू शकत नाही. कुदळीनं मात्र ती संपते.

बांधावरच्या सहाही अर्ध्या काढलेल्या वेली फुटल्या. दोन जरा उशिरा, आर्द्राच्या तोंडाला, पण फुटल्या.

लागवडही आजच केली. काजूच्या दोन ओळींमध्ये तीन वाफे. पहिल्यात वेलीचे छाट ३०, प्रत्येकाला दोन-तीन पेरं. दुसऱ्यात मुळाच्या वरच्या भागाचे, म्हणजे बुडाकडचे, बोटभर तुकडे ३०. हे तुकडे शेजारच्या एका शेतकरीकाकांच्या बांधावरचे. तिथं घराचा पाया खणायचा होता आणि वेली तशाही जाणार होत्या. तिसऱ्यात बी ४०, राख मिसळलेल्या बारीक मातीत, वरवर.

२८ जुलै २०२४

आठ दिवस पावसानं डोकं वर काढू दिलं नाही. मलप्रभा दुथडी, कणकुंबीकडची वाट दोनदा बंद, शाळेला सुट्टी. चौथ्या दिवशी बागेत गेले तर वाफ्यांत घोटाभर पाणी.

चूक माझी. वाफे सपाट केले. ही वेल बांधावर, उतारावर, मुरमाड जागी वाढते हे वर्षभर वहीत लिहीत होते, आणि लावताना भाजीच्या सवयीनं सपाट जागा धरली. छाट काळे पडले. सकाळी पावसातच मुलांचे वडील कुदळी घेऊन आले, चर काढून पाणी उताराला लावलं. राहिलेली रोपं काढून वरंब्यावर बसवली.

१ सप्टेंबर २०२४

छाट ३० पैकी ५ जिवंत. बुडाचे तुकडे ३० पैकी १८. बी ४० पैकी २१ उगवलेलं, पैकी १६ टिकून. बियांची रोपं केसासारखी. दोन महिन्यांत चार पानं. या वेलीला घाई नाही.

१५ डिसेंबर २०२४

धनगरवाड्यावरच्या आज्जी गेल्या. परवा दिवस झाले. सुनेनं आढ्याचं फडकं सोडून त्यातल्या मुळ्या मुलांना दिल्या. मुलांनी नको म्हटलं, तिथेच ठेवायला सांगितलं. त्या घरात आता लहान बाळ आहे.

६ एप्रिल २०२५

रामनवमी. पानकाबरोबर शाळेत उपळसरीचं सरबतही केलं. वाळलेली मुळी धुऊन ठेचली, आतली काठी काढून टाकली (गंध सालीत असतो), रात्रभर पाण्यात ठेवली. सकाळी गाळून त्यात साखरेचा थंड झालेला पाक, लिंबू, चिमूटभर मीठ. रंग चहासारखा. दक्षिणेकडे यालाच नन्नारी म्हणतात आणि उन्हाळ्यात गाड्यांवर विकतात.

त्याआधी एक तुलना केली. बाजारातून अनंतमूळ म्हणून एक पुडी आणली होती. उघडल्यावर वास खराच, उलट जास्त उग्र. पण मुळी अंगठ्याहून जाड, मांसल, गुळगुळीत. ती उपळसरी नाही, मागळी बेरु : डेकॅलेपिस हॅमिल्टोनी. दक्षिण कर्नाटक आणि आंध्रातल्या खडकाळ डोंगरांतली. तिचं लोणचं घालतात. गंधद्रव्य तेच असल्यानं नाक फसतं, डोळा फसत नाही. ती वेलही अति खणण्यामुळे संकटात आलेली आहे. म्हणजे आपली संपली की तिच्यावर कुदळ, तिची संपली की परत इकडे गाडी. मुलांना नकाशावर दोन्ही जागा दाखवल्या.

१८ मे २०२५

गाडी परत आली. या वेळी सकाळी आठला, आणि पहिल्या घरातल्या बाईनंच विचारलं, "एका अंगाचंच काढणार काय? दगड ठेवणार काय?" गाडीवाल्याला काही कळलं नाही. दुपारपर्यंत थांबून गेली. दोन घरांनी मुळी दिली, घरची जुनी, वाळवून ठेवलेली. त्यांना पैशांची गरज होती, त्यांना बोल लावायचा नाही. गरज असेल तर बांधावर लावून तीन वर्षांनी विकता येईल, असं बोलणं मात्र झालं.

२४ ऑगस्ट २०२५

बियांच्या १६ रोपांतली उन्हाळ्यानंतर १२ उरली. मुळी उकरून बघायचा मोह होतो, अजून एक वर्ष तरी नाही. बुडाच्या तुकड्यांच्या १८ वेलींपैकी १७ जोरात. त्यांतल्या काही काजूच्या खोडाला वेढा घालून छातीएवढ्या चढल्या आहेत. छाटांच्या पाचातल्या दोन. म्हणजे इथल्या मातीत लावायची तर बुडाचा तुकडा, आणि तो मिळवण्यासाठी रानातली वेल मोडायची नसेल तर बी. छाटांवर पुन्हा वेळ घालवणार नाही.

५ ऑक्टोबर २०२५

माळावरची मोजणी, तेच दहा चौकोन, आता दहावी पास होऊन कॉलेजला गेलेली चार मुलं सुट्टी काढून आली. वेली ५८. जुन्या खड्ड्यांत पावसानं माती भरली आहे. नऊ वेलींच्या बुडाशी दगड दिसले. आम्ही माळावर एकही दगड ठेवलेला नव्हता.

२३ नोव्हेंबर २०२५

दोन पावसाळे पूर्ण झाले. सहा वेलींची, २०२३ मध्ये काढलेल्या अंगाची माती आज हलक्या हातानं बाजूला केली. सहाही ठिकाणी नवी मुळं आहेत. पाच वेलींत पेन्सिलीएवढी जाड, गंध पूर्ण भरलेला. सहावीत बारीक, ती वेल काजूच्या दाट सावलीत आहे. हात न लावलेल्या सहा वेलींशी तुलना केली तर फुटव्यांच्या संख्येत फरक सांगता येत नाही. सावलीतली ती एक वेल सोडली तर दोन पावसाळे पुरतात. आज्जींच्या सासूबाईंचा हिशेब बरोबर होता.

नवी मुळं झाकून टाकली. दुसऱ्या अंगाची काढली, फक्त पाच वेलींची. ओली मुळी १८५ ग्रॅम. सहावीला आणखी एक पावसाळा.

धनगरवाड्यावरची सून बाळाला कडेवर घेऊन आली होती. पाचही चिरे तिनंच उचलले, जुनी तारीख ओल्या फडक्यानं पुसली आणि एकेक करून वेलींच्या दुसऱ्या अंगाला ठेवले.